दोनशे पंचावन्नावा दिवस

शिरड शहापूरच्या स्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर, फवारणीचे बॅटरीपंप, मिक्सर, येईल ते काम. आयटीआय झालेल्या माणसाला आमच्याकडे लोक ‘इंजिनेर’ म्हणतात. मी कधी कुणाला थांबवलं नाही. उलट दोन-तीन वर्षांत मलाच ते खरं वाटायला लागलं होतं, आणि पुढं जे घडलं त्याचं मूळ तिथंच आहे.

अंडी उबवायचं मशीन मी आयुष्यात एकच बनवलं, एका मावशीसाठी. सख्खी नव्हे, आईच्या माहेरच्या गल्लीतली. शिरडपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीत राहते. मुलगा पुण्याकडं कंपनीत, घरात ती आणि सून. गावरान कोंबड्यांचा तिला भारी नाद. पण कोंबडी खुडूक बसेल तेव्हाच पिल्लं, आणि एका कोंबडीखाली बसून बसून बसणार ती बारा-तेरा अंडी. एकदा दुकानात येऊन म्हणाली, “बापा, मला असं कायतरी करून दे, की कोंबडीच्या मर्जीवर ऱ्हायचं काम न्हाई.” मला असली कामं आवडतात. बंद पडलेल्या फ्रीजचं खोकं घेतलं, आत बल्ब, पंखा आणि पाण्याचं ताट बसवलं, अंड्यांचा ट्रे दर दोन तासांनी हळूच कलेल अशी मोटार लावली, आणि दाराबाहेर माझ्या हातचं सर्किट. त्यावर एक छोटा पडदा आणि तीन बटणं.

सर्किटचं मुख्य काम दिवस मोजायचं. अंडं एकवीस दिवसांत फुटतं. अठरा दिवस ते फिरवत राहायचं, मग फिरवणं बंद करून ओल वाढवायची. एकविसावा उलटून पिल्लं निघाली की ऊब बंद. म्हणजे आज कितवा दिवस, हे मशीनला ठाऊक असलंच पाहिजे. आणि वीज दिवसातून किती वेळा जाते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून सर्किटात करंगळीच्या नखाएवढी, आठ पायांची मेमरीची चिप होती. वीज गेली तरी तिच्यात लिहिलेलं पुसलं जात नाही. वीज आली की सर्किट आधी तिला विचारतं, कितवा दिवस, किती मिनिटं झाली, आणि तिथून पुढं मोजायला लागतं.

मशीन बघून वस्तीतल्या बायका मावशीकडं अंडी आणून द्यायला लागल्या. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात, तशी अंडी अर्धलीनं. अंडी तुमची, ऊब मावशीची, निघतील ती पिल्लं अर्धी अर्धी. कुणाची कोणती ते कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणाचं हळदीचं बोट, कुणाचा कुंकवाचा ठिपका, शेजारच्या मुसलमान खालाची सुरम्याची रेघ. लिहिणं नाही, वाचणं नाही. सगळा कारभार मावशीच्या शब्दावर चालायचा. तिचा शब्द वस्तीत चालत होता म्हणूनच बायका पदराखाली झाकून आपली अंडी तिच्या दारात आणत होत्या.

चार खेपा छान गेल्या. पाचवी बुडाली.

हळद शिजवायचे दिवस होते, खेपेचा तेरावा दिवस. मावशी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात हळदीच्या कामावर, सून बाळंतपणाला माहेरी. दिवस मावळायला मावशी घरी आली तर मशीन थंड. बल्ब बंद, पंखा बंद, पडद्यावर दिवस २५५. अंडी हाताला गार लागत होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर अंगणात बायका जमलेल्या. खाला बाजेवर बसली होती. तिच्या सगळ्यात चांगल्या कोंबडीची अकरा अंडी त्यात होती.

मशीननं त्याला सांगितल्याप्रमाणंच केलं होतं. दोनशे पंचावन्नावा दिवस म्हणजे एकवीस कधीच उलटले, खेप संपली, ऊब बंद. प्रश्न एवढाच, की तेराचे दोनशे पंचावन्न झाले कसे. मी मशीनपुढं उभा राहिलो आणि मला काही म्हणता काही सुचेना. बायकांच्या नजरा पाठीला टोचत होत्या. “मला समजलं नाही, बघून सांगतो,” एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण इंजिनेर ना मी! वळलो, आणि चक्क बोट दाखवून बोललो.

“मावशी, मशीन आपोआप इसरत नसतं. तिन्ही बटणं एकदम दाबल्याबिगर आकडा जात न्हाई. तुमच्या हातून दाबल्या गेलंय.”

“म्या तर कामावर व्हते रे बापा.”

“मग जायच्या आधी. सकाळी पाणी घालताना. आठवा बराबर.”

आणि ती आठवायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. कपाळाला आठ्या घालून ती खरोखर आठवत होती. “पाणी तर घातलं व्हतं,” म्हणाली, आणि बटणांकडं बघायला लागली. खाला बाजेवरून उठत म्हणाली, “जाऊ द्या बाई. उमर झाली, होते भूल.” बायकांनी आपापल्या खुणेची अंडी निवडून टोपल्यांत भरली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली.

सर्किट मी दुकानात आणलं, ते काही शोधायला नाही. बटणांवर झाकण बसवून द्यावं, म्हणजे पुन्हा कुणाचा हात लागायला नको, एवढाच विचार. झाकण बसवलं, दिवस पाच असा घालून बघितला, पिन काढली आणि जेवायला गेलो. येऊन पिन लावली तर पडद्यावर २५५. दुकानाला कुलूप होतं. इथं तर मावशी नव्हती.

चिपच खराब होती. नांदेडहून आणलेला स्वस्तातला माल. मी त्या दुकानदाराच्या नावानं मनसोक्त शिव्या घातल्या, चिप काढून एका डबीत टाकली (कधीतरी त्याच्या तोंडावर फेकायला), आणि हिंगोलीच्या चांगल्या दुकानातून दुसरी आणून बसवली. मशीन पुन्हा सुरू करून दिलं तेव्हा मावशीनं विचारलं, “काय झालं व्हतं रे?”

आता ही जागा मी कितीही वेळा आठवली तरी मला स्वतःची लाज वाटते. ‘चिप खराब होती’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. निघाले असते तर वस्तीत झालं असतं, की इंजिनेर नकली माल घालतो आणि दोष म्हातारीवर ढकलतो. मी म्हणालो, “काय न्हाई. आता बटणावर झाकण लावलंय.” तिनं मान हलवली. मला वाटलं, मशीन चाललं, विषय संपला.

मशीन चाललं खरं. उन्हाळ्याचा एक महिना सोडून खेपा होत राहिल्या. बायका एकेक करून परत यायला लागल्या, आधी दोन-चार अंडी, मग जास्त. खाला सगळ्यात शेवटी आली. श्रावणात एका दुपारी मावशीच्या सुनेचा फोन आला.

“भाऊ, लौकर या. लाईट जाऊन आली आन मशीनवर पुन्हा दोनशे पंचावन आलंय. बलब लागून न्हाई राहिला.”

मी गाडीला किक मारली. खिशात नवी चिप टाकायला मात्र विसरलो नाही. पोचलो तर सुनेनं मशीनला दोन गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून आत ठेवल्या होत्या. कडेवर पाच-सहा महिन्यांचं लेकरू. ती मशीनच्या पुढ्यात उभी, आणि मावशी पार तिकडं भिंतीला टेकून बसलेली. माझ्याकडं बघून हसलीसुद्धा नाही. रागावली असेल, असं मी समजलो.

“कितवा दिवस?” मी विचारलं.

“तेरावा,” सून म्हणाली. “कुणी बटणाला हात लावला न्हाई. म्या समोरच बसून व्हते, लेकराला पाजून राहिले व्हते. माझ्या डोळ्यादेखत झालं.”

“पाच मिन्टाचं काम हाय, वहिनी. चालू करून देतो.”

मी पाना काढला तशी ती मधे आली. “भाऊ, नुस्तं चालू करून जाऊ नका. मागल्या बारीला बी चालू करूनच गेले व्हते. काहून होऊन राहिलं ते सांगा. अख्ख्या वस्तीची अंडी हायेत यात. ही खेप गेली तर आत्याबाईच्या दारात पुन्हा कोणी पाऊल टाकायचं न्हाई.”

मला राग आला. कालची पोरगी मला कामाची रीत शिकवते! पण राग येऊन करू काय, ती खरं बोलत होती. नवी चिप माझ्या खिशात होती, घातली असती तर मशीन पाच मिनिटांत उजळलं असतं, आणि पुन्हा कधी मरेल ते मलाच ठाऊक नसतं. चिप मी खिशातच राहू दिली. आज कारण सापडल्याशिवाय सर्किटाला चिप लावायची नाही, असं मनाशी ठरवलं आणि कामाला लागलो.

आधी अंडी जगवायची होती. सर्किट सोडून बल्बची वायर सरळ एका बटणावर आणली, पंखा चालू ठेवला आणि ट्रेजवळ थर्मामीटर टांगला. सुनेला सांगितलं, “पारा साडेसदतीसवर पाहिजे. वर चालला की बलब बंद, खाली आला की चालू. दोन तासानं ट्रे हातानं कलवायचा. लाईट गेली तर पुन्हा बाटल्या. दिवस मावळायच्या आत येतो.” तिनं लेकराला पाळण्यात टाकलं आणि पाट ओढून मशीनपुढं बसली. मावशीनं जागेवरून हलायचंही नाव घेतलं नाही.

दुकानात आलो, शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे गिऱ्हाईक यायला नको. सर्किट टेबलावर ठेवलं आणि एकेका संशयिताला धरलं.

पहिला संशय विजेवर. वस्तीच्या भोवती विहिरींवर मोटारी आहेत. स्टार्टर ओढला की दिवे मिचमिचतात, तो झटका सर्किटात शिरून लिहिलेलं बिघडवत असेल. मी त्याच बोर्डावर ड्रिल लावलं, ते चालू-बंद करत चाळीसदा सर्किटची पिन ओढली आणि खुपसली. लगेच लावली की आकडा जागच्या जागी. मग चिपचे पाय तपासले. गंज नाही, ढिलेपणा नाही. तरी ते घासून पुसून पुन्हा बसवले. दिवस तेरा घालून पिन काढली, चहा पिऊन आलो आणि लावली. तेराच. अर्ध्या तासानं लावली. पंधरा! तासाभरानं दोनशे पंचावन्न.

म्हणजे चिप लगेच विसरत नव्हती. हळूहळू विसरत होती. थोड्या वेळापुरती वीज गेली की निभावायचं, जास्त वेळ गेली की घोळ. पाच खेपांमध्ये वीज शंभरदा गेली असेल आणि तरी ती आजच का फसली, याचं निम्मं उत्तर मला मिळालं. निम्म्या उत्तरावर शटर उघडून मोकळं व्हायची सवय आहे मला, त्या दिवशी ती बाजूला ठेवली.

चिप काढून रीडरला लावली आणि तिची सगळी घरं कॉम्प्युटरवर उघडून बघितली. असल्या चिपेत दोनशे छप्पन घरं असतात, एकेका घरात एकेक आकडा. कोरं घर २५५ असं वाचलं जातं. म्हणजे मशीन दोनशे पंचावन्नावा दिवस सांगत नव्हतं, माझ्या घरात आता काही उरलं नाही, असं सांगत होतं. नकली चिप असती तर सगळीच घरं कुठं ना कुठं गळकी निघाली असती. पण उष्णता किती ठेवायची तो आकडा आपल्या घरात ठणठणीत. ट्रेचे दोन तास ठणठणीत. खराब होती ती फक्त दिवसाची आणि मिनिटांची घरं.

मग मला डबीतली जुनी चिप आठवली. नांदेडवाल्याच्या तोंडावर फेकायची ती. तीही लावली. तिचीही बाकीची सगळी घरं शाबूत, आणि तीच घरं मेलेली.

दोन चिपा, दोन गावच्या दोन दुकानांतल्या, आणि दोघींचं दुखणं एकाच जागी. हा चिपेचा रोगच नव्हता. त्या घरात कुणीतरी सारखं ये-जा करत होतं. आणि त्या घराची किल्ली एकट्या माझ्या, सर्किटात घातलेल्या प्रोग्रामकडं होती.

मी प्रोग्राम उघडला. स्वतःच लिहिलेला, म्हणून आजवर एकदाही न तपासलेला. त्यात ती ओळ होती. दर मिनिटाला दिवस आणि मिनिटं चिपेत लिहून ठेव. दिवस बदलो न बदलो, पुन्हा तोच आकडा त्याच घरात. लिही, लिही, लिही. मला वाईट शंका आली. चिपेची माहितीची पानं शोधली. पहिलं पान मला पाठ होतं, त्यापुढं कधी गेलोच नव्हतो. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं: एका घरात लाखभर वेळा लिहिण्याची हमी.

मी सुनेला फोन लावला. “वहिनी, मागल्या बारीला बुडाली ती कितवी खेप?”

“पाचवी. पाचवीच व्हती, वस्तीत समद्यांना पाठ हाय.”

“आन त्याच्यानंतर ही कितवी?”

ती मोजत राहिली. मागून लेकराचं रडणं ऐकू येत होतं. “ही बी पाचवीच की भाऊ!”

मी टेबलावरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले. मिनिटाला एकदा म्हणजे दिवसाला चौदाशे चाळीस. एकवीस दिवसांचे तीस हजार आणि वर थोडे. तीन खेपांत नव्वद हजार. चौथीत लाख पार, आणि पाचवीत घरं बाद. वहीत एकाच जागी खोडरबर घासत राहिलं की कागद विरतो आणि मग त्यावर पेन्सिल उमटत नाही, तसं मी त्या दोन-तीन घरांचं केलं होतं. नांदेडवाला निर्दोष, हिंगोलीवाला निर्दोष, वीज मंडळाचीही यात काही चूक नाही. ज्याच्यावर संशय घ्यायचा राहिला होता तो टेबलाच्या अलीकडं बसला होता.

आणि ही सवय मला कुठून लागली तेही लगेच समजलं. हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासला होतो तेव्हा भारनियमन जोरात होतं आणि क्लासच्या बॅटऱ्या बाद झालेल्या. दोन ओळी टाइप झाल्या की सर मागून ओरडायचे, “सेव्ह करा रे, लाईट जाईल!” आणि जायचीच. एकदा माझी चार पानं गेली, तेव्हापासून बोटं आपोआप सेव्ह दाबतात. जिथं वीज जात नाही तिथल्या माणसानं तासाला एकदा लिहिलं असतं. मी मात्र काही गमवायला नको म्हणून इतक्यांदा जपून ठेवलं, की जपायची जागाच झिजली. मला हसू आलं, एकट्यालाच, आणि ते लगेच विरलं. कारण त्याच वेळी अंगणातलं माझं ते लांब केलेलं बोट मला दिसलं.

हळहळ करायला वेळ नव्हता. चार वाजून गेले होते. प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता मिनिटाला नाही, तासाला एकदा लिहायचं, आणि तेही दर वेळी पुढच्या घरात, सगळी घरं फिरून मग पहिल्यावर. प्रत्येक आकडा दोन जागी ठेवायचा आणि दोन्ही जुळले तरच खरा धरायचा. आणि एक गोष्ट, जी मला सुरुवातीलाच सुचायला हवी होती. आकडा वेडावाकडा आला, तर ऊब बंद करायची नाही. ऊब चालूच ठेवायची आणि भोंगा वाजवून माणसाला बोलवायचं. इतके दिवस माझं मशीन जरा शंका आली की आधी ऊब तोडत होतं. हे लिहिताना मला मावशीची आठवण आली आणि मी दोनदा चुकीचं टाइप केलं.

नवी चिप बसवली, तिला तासभर विसरायची संधी दिली, वीस वेळा पिन काढली, शेवटी एका घरात मुद्दाम खोटा आकडा घातला. भोंगा वाजला, बल्ब चालूच राहिला. मग सर्किट पिशवीत घालून वस्तीवर आलो. सून पाटावर तशीच बसलेली, केस घामानं चिकटलेले, नजर पाऱ्यावर. पारा साडेसदतीस. आम्ही सर्किट जोडलं, दिवस तेरा घातला आणि अंडी एकेक करून टॉर्चपुढं धरली. लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका. खालाच्या सुरम्याच्या रेघेमागचा ठिपका तर चांगलाच उड्या मारत होता. सून म्हणाली, “जितं हाय!” आणि मी अंडं तिच्या हातात देऊन बाजूला झालो.

त्याच संध्याकाळी सांगून टाकायला हवं होतं. पण मावशी तोवर बाहेर गोठ्याकडं निघून गेली होती, आणि मी ठरवलं की सांगायचं तर ज्यांच्यापुढं बोट दाखवलं त्यांच्यापुढंच सांगायचं. या खेपेला पळवाट म्हणून नाही. घरी गेल्यावर बायकोलाही सांगून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी माघार घ्यायला जागा उरू नये.

एकविसाव्या दिवशी सकाळी गेलो. मशीनमधून चिवचिव ऐकू येत होती. बासष्ट अंड्यांतून पंचेचाळीस पिल्लं निघाली, दोन अजून टरफलाशी झटत होती. बायका टोपल्या घेऊन अंगणात आल्या. सगळ्यांचे चेहरे खुललेले, खाला तर पिल्लू गालाला लावून बसली होती. मी उभा राहिलो आणि बोललो.

“जरा ऐका. होळीच्या टायमाला अंडी मेली, त्यात मावशीचा काय कसूर न्हवता. बटण कुणी दाबलं न्हवतं. मशीनमधे मी चूक करून ठेवली व्हती, त्याच्यानं ते दिवस इसरलं. या बारीला बी त्याच्यानंच झालं. आन पार्ट खराब झालाय हे मला तवाच आठ दिवसांत कळलं व्हतं. मी बोललो न्हाई.”

पिल्लं तेवढी ओरडत होती. मग खालानं गालाजवळचं पिल्लू खाली ठेवलं आणि म्हणाली, “मग इतके महिने काहून तोंड शिवून बसला?”

घाबरलो, असं म्हणालो. तेच खरं होतं.

मावशी उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं होतं ती मोकळी होईल, निदान चार शिव्या तरी देईल. ती हळूच पायरीवर बसली आणि माझ्याकडं न बघता विचारायला लागली.

“म्हंजी म्या दाबलंच न्हवतं?”

“न्हाई मावशी.”

“एकदा बी न्हाई?”

“एकदा बी न्हाई.”

“माझी माय म्हातारपणी समदं इसरली व्हती,” ती म्हणाली. “मला लेक म्हणून बी वळखत न्हवती. तिचं बी असंच सुरू झालं व्हतं. चूल बंद केली का न्हाई, दार लावलं का न्हाई. तू म्हणला तवा मला वाटलं, म्या बटण दाबलं आन मला आठवून न्हाई राहिलं. मंग माझं बी सुरू झालं. आखाडात नांदेडला जाऊन डोकं दाखवून आले. डॉक्टर म्हणले काय न्हाई. पर त्यायला काय ठाव, म्हणलं. हे मशीन थोडंच खोटं बोलणार.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. माफी मागितली असेन, शब्द आठवत नाहीत. रडलो, ते आठवतं. चार बायकांदेखत, टोपल्यांच्या मधोमध. तिनं मला गप्प केलं नाही, आणि करू नये हेच बरोबर होतं. थोड्या वेळानं म्हणाली, “ते राहू दे. आदी आत जा आन सुनंला सांग.”

“वहिनीला काय सांगू?”

“म्या इसरत न्हाई म्हणून सांग. ती मला चुलीपाशी एकटी सोडत न्हाई. लेकरू बी हातात देत न्हाई. तिचं चुकत न्हाई रे, मीच तिला म्हणलं व्हतं, माझ्याजवळ नको ठिवू, मला भरवसा न्हाई माझा.”

मी आत गेलो. सून चुलीपुढं भाकरी थापत होती, पाळणा तिच्या पाठीशी. अंगणातलं बोलणं तिच्या कानावर आलं असणारच, तरी मी दारात उभं राहून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लाखाचा हिशेब सांगितला, जुनी चिप, झाकण, माझी चूक, माझं गप्प बसणं. ती ऐकत राहिली. परातीतलं पीठ हातावरच वाळलं.

“पक्कं, भाऊ?”

“पक्कं. लिहून देतो.”

“लिहून नका देऊ,” ती म्हणाली. तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले. पाळण्यातून लेकरू उचललं आणि माझ्या बाजूनं बाहेर जाऊन मावशीच्या मांडीवर ठेवलं. “आत्याबाई, घ्या याला जरा,” म्हणाली, “माझ्या भाकरी राहिल्यात.” आणि मागं वळून न बघता ती पुन्हा चुलीपाशी येऊन बसली.